ज्या दिवशी वेणी चुकेल

आजच्या समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेल्या आदरणीय मेट्रनबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले यकृत विभागाचे प्रमुख डॉक्टरसाहेब, त्यांच्या शेजारी बसलेले आमचे सर्जनसाहेब, विश्वस्त मंडळाचे सन्माननीय सदस्य, ड्यूट्या बदलून घेऊन आवर्जून आलेल्या सर्व सिस्टर आणि ब्रदर, वॉर्डांतल्या मावशी आणि मामा, इथे उपचार घेतलेली आणि घेत असलेली मंडळी, त्यांचे आप्त, आणि जिच्यासाठी... क्षमा करा, ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो आहोत त्या आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सिस्टर.

माइक थोडा मागे घेते. सगळी नोकरी प्राथमिक शाळेत गेली, त्यामुळे माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत आपोआप जातो. मागे बसलेल्यांनी दचकू नये.

रुग्णांच्या घरच्यांतर्फे कुणीतरी दोन शब्द बोलावेत असं ठरलं आणि माझं नाव पुढे आलं. मी आधी नाही म्हटलं. माझ्यापेक्षा मोठी संकटं पाहिलेली माणसं या सभागृहात बसली आहेत. मग दादा म्हणाला, "तू बोल. तुला गप्प बसवायला आजवर कुणाला जमलंय? निदान आज तरी त्याचा उपयोग होऊ दे." दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो आत्ता इथेच आहे, दाराजवळच्या खुर्चीवर. पुढे या म्हणून स्वयंसेवकांनी त्याला दोनदा विनंती केली, पण तो उठला नाही. दाराजवळच का बसला, ते पुढे कळेलच.

आमचे आईवडील आम्ही लहान असतानाच गेले. दादानं शाळा सोडली आणि एका बेकरीत कामाला लागला. भट्टी झाडण्यापासून सुरुवात केली. पुढे मालक थकले, त्यांनी बेकरी दादाच्या स्वाधीन केली, आणि दादानं ती वाढवली. मी शिकले, शिक्षिका झाले, ते त्या भट्टीच्या उबेवर. माझ्या दप्तराला कायम पावाचा वास यायचा आणि वर्गातल्या मुली माझ्या शेजारी बसायला भांडायच्या. पुढे माझं लग्न झालं, त्याचंही झालं. वहिनी गेल्या, मग माझे यजमान गेले, आणि उतारवयात आम्ही दोघं भावंडं पुन्हा एका घरात राहायला लागलो. खाली बेकरी, वर आम्ही. लहानपणी जिथे भांडण सोडलं होतं, तिथूनच पुढे सुरू केलं.

दादाच्या यकृताला गाठ निघाली तेव्हा लोकांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "घेत होते का हो?" दादानं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. कधीकाळी रक्तातून एक विषाणू शरीरात शिरला होता, तो वर्षानुवर्षं आत गुपचूप बसून यकृत पोखरत राहिला होता. पण हे किती जणांना सांगणार? मी चिडून एकदा सिस्टरांपुढेच म्हणाले, "माझा भाऊ पीत नव्हता हो, सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं." सिस्टर म्हणाल्या, "सांगा की. पण जो पीत होता ना, त्यालाही मी इथे याच खुर्चीत बसवते आणि हेच शिकवते." मी त्या दिवशी जी गप्प झाले, ती बराच वेळ. दादाला हा प्रसंग फार आवडतो.

असो. सर्जनसाहेबांनी शस्त्रक्रिया केली. त्याआधी त्यांनी मला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. यकृताचा एवढा भाग काढणार, एवढा ठेवणार, आणि जो ठेवला तो हळूहळू वाढणार. मी विचारलं, "वाढणार म्हणजे?" ते म्हणाले, "वाढणार म्हणजे वाढणारच. तुमच्या भावाचं यकृत थकलेलं आहे, त्यामुळे वेळ घेईल. पण वाढेल." इतकी वर्षं मी मुलांना मानवी शरीर शिकवलं. फळ्यावर यकृत काढलं, त्यात तांबडा खडू भरला. आणि हे मला ठाऊक नव्हतं. तुटलेलं बोट उगवत नाही, पडलेला दात या वयात येत नाही, आणि पोटात अंधारात बसलेला हा अवयव कापला तरी पुन्हा भरून यायला लागतो. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन देवापुढे दिवा लावला आणि मागणं मागायचं विसरूनच गेले. नुसतीच बसून राहिले.

सर्जनसाहेब, तुमच्या हातांना माझा नमस्कार आहेच. तो मी दर वेळी करते आणि तुम्ही दर वेळी अवघडता. पण आज मला सांगायचंय ते दादा घरी आल्यानंतरचं.

मंडळी, आम्हाला वाटलं होतं, टाके निघाले की संपलं. शेजारचे येऊन अभिनंदन करून गेले. आणि मग खरं काय ते सुरू झालं. दादाला खालून येणारा पावाचा वास सहन होईना. ज्या वासावर तो जगला, त्याच वासानं त्याच्या पोटात ढवळायचं. भट्टी पेटली की तो खिडक्या लावून घ्यायचा. अंगाला खाज सुटायची, तीही वरवरची नाही. तो म्हणायचा, "कातडीच्या आतून येतेय गं, तिथे नख पोचत नाही." पाय संध्याकाळी सुजायचे. अर्धा जिना चढला की भिंतीला टेकायचा. आणि हा तो माणूस, जो मैद्याचं पोतं खांद्यावर टाकून बोलत बोलत चालायचा.

मग मी काय केलं? मी शिक्षिका. मी वेळापत्रक केलं. उठायचं कधी, खायचं किती, चालायचं कुठवर. ताट पुढे ठेवायचं आणि ते संपेपर्यंत समोर बसायचं. दादा दोन घास खायचा आणि ताट सरकवायचा. एकदा ताट इतकं सरकवलं की ते पलीकडून खाली गेलं. मी म्हणाले, "तुला जगायचंय की नाही?" तो म्हणाला, "तुझ्या हाताखाली नाही."

अशा अवस्थेत आम्ही तपासणीला आलो आणि डॉक्टरसाहेबांनी आम्हाला सिस्टरांच्या खोलीत पाठवलं.

ती खोली तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. कॉरिडॉरच्या टोकाला, पूर्वी जिथे चादरी ठेवायचे. एक खिडकी, एक वजनकाटा, एक बेसिन आणि तीन खुर्च्या. टेबल भिंतीला लावलेलं, म्हणजे सिस्टर आणि आपण यांच्यामध्ये काहीच नाही. मी बसल्याबसल्या सगळं सांगायला सुरुवात केली. हा खात नाही, हा ऐकत नाही, हा चालत नाही. सिस्टरांनी माझं ऐकून घेतलं, मग खुर्ची थोडी वळवली आणि दादाला विचारलं, "दादा, तुम्हाला यातलं सगळ्यात जास्त छळतंय काय?"

मला वाटलं, तो खाज म्हणेल. दादा म्हणाला, "भट्टीचा वास."

"वास आला की काय होतं?"

"पोटात ढवळतं. पण ते नाही हो. म्हणजे... मी आता बेकरीवाला उरलो नाही, असं वाटतं."

मी त्याच्याबरोबर राहत होते. रोज ताट पुढे ठेवत होते. हे वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

सिस्टर म्हणाल्या, "बरं. मग तिथूनच सुरू करू. गरम पावाचा वास जास्त येतो की गार पावाचा?" दादा हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा हसला. म्हणाला, "हा काय प्रश्न झाला?" "मला नाही ठाऊक, मी बेकरीवाली नाही. तुम्ही सांगा." आणि दादा सांगू लागला. गरम पावाचा वास कसा अंगावर येतो, गार पावाला वास असतो पण तो शांत असतो, पीठ फुगत असताना आंबूस वास येतो तो वेगळा. सिस्टर ऐकत होत्या आणि मधेच विचारत होत्या. शेवटी ठरलं ते असं, की दादानं भट्टी विझल्यावर, दुपारी, खाली जायचं. गार पाव हातात घ्यायचा. खायचा नाही. नुसता हातात घ्यायचा आणि वर यायचं.

डॉक्टरसाहेब, हे कुठल्या पुस्तकात असेल तर मला जरूर दाखवा. मी विकत घेईन.

पुढच्या भेटींमध्ये सिस्टरांनी आम्हाला एकेक गोष्ट दिली. दिली म्हणजे हातात दिली. सकाळी उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी वजन करायचं. वजन झपाट्यानं वाढायला लागलं तर ते अंगाला लागलेलं नाही, पोटात किंवा पायात पाणी साठतंय, लगेच कळवायचं. नडगीवर अंगठा दाबून बघायचा, खळगा राहतो का. खिडकीपाशी आरसा धरून डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा, पिवळट दिसतो का. ताप आला, उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखी काळी झाली तर विचार करत बसायचं नाही, थेट यायचं. मोठं ताट बंद. दिवसभर थोडं थोडं खायचं, आणि झोपण्यापूर्वी काहीतरी पोटात घालूनच झोपायचं, कारण यकृताला उपास सोसत नाही. अंगदुखीची गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही. थकवा यायच्या आधी बसायचं, आल्यावर नाही. दादाला हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं.

आणि मीठ कमी. बेकरीवाल्याला सांगितलं, मीठ कमी. दादा म्हणाला, "बिनमिठाचा पाव म्हणजे माती." सिस्टर म्हणाल्या, "मला खायला आवडेल असा करून दाखवा." तो हट्टाला पेटला. आज कार्यक्रमानंतर चहाबरोबर जो पाव मिळणार आहे, तो त्या हट्टातून निघालेला आहे. पहिला घास फिका लागेल. कृपया दुसरा घ्यावा.

मी शाळेत आयुष्यभर सांगत आले, ऐका, लिहा, पाठ करा. सिस्टर कधी एवढं लांबलचक सांगायच्याच नाहीत. त्या विचारायच्या, आणि आपण उत्तर देता देता आपल्यालाच कळायचं. आणि निघताना म्हणायच्या, "आता तुम्ही मला सांगा, घरी जाऊन काय करणार?" दादा सांगायचा. चुकलं तर त्या म्हणायच्या, "मी नीट सांगितलं नाही बहुतेक. पुन्हा बघू." मी हे वाक्य वर्गात एकदा जरी म्हणाले असते, तर माझी कितीतरी मुलं गणिताला घाबरली नसती.

आता मी मुख्य प्रसंगाकडे येते. अध्यक्ष महोदया घड्याळाकडे बघत आहेत, पण हा प्रसंग सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

थकलेलं यकृत रक्तातली घाण पुरती गाळू शकलं नाही, की ती डोक्यात चढते. माणूस झोपाळतो, चिडतो, साध्या गोष्टी चुकतो. ती घाण पोटावाटे निघून जावी म्हणून एक गोड चिकट औषध देतात. ते घेतलं की शौचाला दिवसातून दोनतीनदा जावं लागतं, आणि ते घ्यायलाच हवं. दादा दाराजवळ का बसलाय, ते आता आपल्या लक्षात आलं असेल. त्यानं मला हे सांगायची परवानगी दिली आहे. उलट म्हणाला, "सांगच. लाजून लोक औषध सोडतात."

एका भेटीत सिस्टर म्हणाल्या, "दादा, या आजाराची एक खोड आहे. डोक्यावर परिणाम व्हायला लागला, की ज्याला होतो त्यालाच ते कळत नाही. त्याला वाटतं, मी ठीक आहे आणि बाकीचे वेडे झालेत. तेव्हा आपल्याला आधीच एक खूण ठरवून ठेवायला हवी. तुमच्या हातांना असं काय येतं, जे तुम्ही डोळे मिटून करता?"

दादा म्हणाला, "वेणी."

वेणीचा पाव आपण पाहिला असेल. पिठाच्या लांब वळ्या करून त्या केसांच्या वेणीसारख्या गुंफतात आणि मग भाजतात. माझे केस विंचरून वेणी घालायला आमच्या घरी बाईमाणूस नव्हतं. दादा ती वेणी पिठात शिकला आणि माझ्या डोक्यावर घालू लागला. शाळेत माझ्या वेणीसारखी वेणी कुणाची नसायची.

"मग रोज सकाळी पिठाची एक छोटी वेणी घालायची," सिस्टर म्हणाल्या. "आणि ती बाईंनी बघायची." त्या मला बाई म्हणतात. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आणि दादा, ज्या दिवशी वेणी चुकेल, त्या दिवशी काय करायचं? तुम्ही म्हणाल मी ठीक आहे. बाई म्हणतील चला. कुणाचं ऐकायचं?"

दादा घरातला कर्ता. लहानपणापासून त्याचा शब्द शेवटचा. मी मुख्याध्यापिका झाले तरी घरात तो मला "चिमे" म्हणतो आणि रस्ता ओलांडताना हात पुढे करतो. मला वाटलं, तो हा विषय उडवून लावेल. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग सिस्टरांकडे पाहून सावकाश म्हणाला, "ज्या दिवशी वेणी चुकेल, त्या दिवशी माझं ऐकायचं नाही. हिचं ऐकायचं. मी ओरडलो तरी."

"हे बाईंना सांगा. मला नको."

तो माझ्याकडे वळला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाला. मी मान डोलावली.

त्यानंतर रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर पिठाची एक वेणी असायची. घट्ट, सारखी, टोकाला निमुळती. मी बघायची, "छान" म्हणायची, तो म्हणायचा, "मार्क किती?" हा आमचा खेळच झाला. दादा खाली बेकरीत बसायला लागला होता. वास सोसवायला लागला होता. अंग भरत होतं. मला वाटू लागलं, ही वेणीबिणी आता सोडून द्यावी. पण सिस्टरांना काय तोंड दाखवणार, म्हणून चालू ठेवली.

आणि एका सकाळी मी ओट्यापाशी आले, तर दोन वळ्या एकमेकींत गुंफलेल्या होत्या आणि तिसरी तशीच बाजूला पडली होती. सुटी. दादा हात धुऊन टॉवेलला पुसत होता. म्हणाला, "बघ. कशी झालीय."

मी म्हणाले, "दादा, ही तिसरी राहिली."

"कुठली तिसरी?"

"ही काय."

त्यानं पाहिलं. म्हणाला, "बरोबर आहे की. तुझं आपलं काहीतरीच. मला खाली जाऊ दे, भट्टी तापलीय." आवाजात धार होती. दोन दिवस तो दुपारी झोपत होता आणि एरवी कधी नाही तो कामगारांवर खेकसला होता, हे मला तेव्हा आठवलं. मी सिस्टरांना फोन लावला.

त्यांनी घाई केली नाही. विचारलं, "औषध घेतायत का?" मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "बंद केलंय. बेकरीत सारखं उठावं लागतं, गिऱ्हाइकं काय म्हणतील." ताप, उलटी, शौचाचा रंग, सगळं सिस्टरांनी एकेक करून विचारलं. हात पुढे करून पंजे वर करायला सांगा म्हणाल्या, रस्त्यात गाड्या थांबवतात तसे. दादानं केले, आणि पंजे आपोआप खाली गळत होते, पुन्हा वर जात होते, पाखरानं पंख झटकावेत तसे. मी ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, गाडी बोलवा आणि निघा. मी दारात उभी असते. त्यांना एकटं सोडू नका. आणि वाद घालू नका. त्यांनी तुम्हाला जे सांगितलं होतं, तेवढंच त्यांना सांगा."

मी फोन ठेवला. दादा जिन्याकडे निघाला होता. मी त्याच्या आडवी उभी राहिले. तो माझ्यापेक्षा आजही दांडगा आहे. मी म्हणाले, "दादा, तू मला एक सांगितलं होतंस. ज्या दिवशी वेणी चुकेल, त्या दिवशी माझं ऐकायचं."

"पण चुकलेली नाही ना," तो म्हणाला. "चुकलेली नाही, चिमे. मी काय खोटं बोलतोय?"

तो खोटं बोलत नव्हता. मंडळी, हे लक्षात घ्या. तो अगदी खरं बोलत होता. त्याच्या डोळ्यांना ती वेणी बरोबर दिसत होती.

तो परत ओट्यापाशी गेला. वाकून बघू लागला. त्यानं बोटानं एकेक वळी चाचपली. ती सुटी वळी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. खालून बेकरीतल्या पोरांनी हाक मारली, त्याचं लक्ष नव्हतं. आणि मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मला यात चूक दिसत नाही."

मी जिन्याच्या वाटेतून हलले नाही.

"पण तुला दिसतेय ना?"

"हो, दादा."

"मग चल."

एवढंच. त्यानं चपला घातल्या. उलट्या घातल्या होत्या, मी वाकून सरळ केल्या. आणि तो माझा हात धरून जिना उतरला.

मी खूप वाचलंय, व्याख्यानं ऐकली आहेत, तीर्थयात्राही केल्या आहेत. पण त्या सकाळी ओट्यापाशी मी जे पाहिलं, त्याच्यापुढे मला आजही हात जोडावेसे वाटतात. स्वतःची बुद्धी डोळ्यांदेखत दगा देत असताना, आपल्याला सगळं बरोबर दिसत असताना, एक माणूस दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास टाकतो आणि चपला घालतो. हे बळ त्याच्यात कुठून आलं? ते त्याचंच होतं, यात शंका नाही. पण ते बाहेर कसं काढायचं, ते सिस्टरांनी त्या तीन खुर्च्यांच्या खोलीत, सगळं नीट चाललेलं असताना, आधीच ठरवून ठेवलं होतं.

सिस्टर दारात उभ्या होत्या. डॉक्टरसाहेबांनी सांगितलं, की आणखी उशीर झाला असता तर गुंगी वाढून तो बेशुद्ध झाला असता, आणि तिथून माणूस परत आणणं कठीण असतं. उपचार लगेच सुरू झाले. दोनतीन दिवसांत दादा पुन्हा दादा झाला. त्याला त्या सकाळचं काहीच आठवत नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "मी 'मग चल' म्हणालो? शहाणाच आहे की मी."

सिस्टर त्याला औषध सोडल्याबद्दल रागावतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "दुकानात उठायची अडचण होते ना? गल्ला थोडा हलवला तर?" गल्ला मागच्या दाराजवळ गेला. औषध चालू राहिलं. प्रश्न मिटला.

आणि आणखी एक. दादा वॉर्डात झोपलेला असताना कॉरिडॉरमध्ये सिस्टरांनी मला गाठलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही कशा आहात?" मी म्हणाले, "दादा आता बरा आहे." त्या म्हणाल्या, "ते मी पाहिलं. मी तुमचं विचारतेय." गाठ सापडल्यापासून हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी भिंतीशी तोंड करून रडले. सिस्टर शेजारी उभ्या राहिल्या. पाठीवरून हात फिरवला नाही, रडू नका म्हणाल्या नाहीत. जाणाऱ्या येणाऱ्यांना मी दिसणार नाही अशा बेतानं फक्त उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी तुमची खुर्ची वेगळी. तुमचा वेळ वेगळा." आणि खरंच, पुढे त्यांनी रुग्णांच्या घरच्यांसाठी वेगळी बैठक सुरू केली. त्या बैठकीतली निम्मी मंडळी आज या सभागृहात आहेत. माना खाली घालून डोळे पुसतायत, त्यावरून ओळखू येतात.

दादा पूर्ण बरा झाला, आजार पळाला, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. मधे एक छोटी गाठ पुन्हा दिसली, मांडीच्या रक्तवाहिनीतून नळी घालून तिच्यावर उपचार झाले. त्यानंतर ताप आला, पोट दुखलं, आठवडाभर काही गोड लागेना. पण या वेळी घरात भांडण झालं नाही. दादानं त्याची पिशवी आदल्या दिवशी स्वतः भरली होती. परवाच्या तपासणीत डॉक्टरसाहेबांनी पडद्यावर चित्र दाखवलं. शस्त्रक्रियेनंतर उरलेला तो तुकडा कडा गोलसर करत भरून आला होता. दादा पडद्याजवळ सरकला. म्हणाला, "झाकून ठेवलेलं पीठ फुगतं तसं दिसतंय."

सिस्टर, तुम्ही निवृत्त होणार हे कळलं तेव्हा आमच्या बैठकीतली सगळी माणसं हवालदिल झाली. सगळ्यांनी मला पुढे केलं. मी तुमच्या खोलीत आले आणि जरा रागानंच विचारलं, "तुम्ही निघालात. आता आम्ही फोन कुणाला करायचा?"

तुम्ही म्हणालात, "नंबर तोच आहे, बाई. नव्या सिस्टर तयार झाल्या आहेत, चांगल्या आहेत. पण एक सांगू का? तुमचा फोन मला गेल्या कितीतरी महिन्यांत आलेला नाही. मधे एकदा आला होता, तो मला सर्दी झाली म्हणून माझी विचारपूस करायला."

मी जाऊन बैठकीतल्या सगळ्यांना हे जसंच्या तसं सांगितलं.

सिस्टर, आम्हा सगळ्यांतर्फे तुम्हाला साष्टांग नमस्कार. वयानं मी मोठी आहे, तरी तो स्वीकारा. अध्यक्ष महोदयांनी घड्याळ दोनदा पाहूनही मला थांबवलं नाही, डॉक्टरसाहेब आणि सर्जनसाहेबांनी माझी थट्टा मनाला लावून घेतली नाही, आणि तुम्ही सर्वांनी इतका वेळ ऐकून घेतलंत, याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, मान ठेवण्यात कमीजास्त झालं असेल, आजाराचं काही चुकीचं सांगितलं गेलं असेल, तर ते पदरात घ्यावं आणि खरं काय ते त्या खोलीत जाऊन विचारावं. मी आता खाली बसते.